चार हात फूटपाथसाठी

आमच्या सासूबाईंचा एक नेम होता. संध्याकाळी साडेपाचला तोंड धुऊन, धुवट पातळ नेसून, हातात फुलांची परडी घेऊन त्या मारुतीच्या देवळात जायच्या. देऊळ काही लांब नाही. आमच्या दारापासून जेमतेम चारशे पावले. मधे एक मोठा रस्ता, तेवढा ओलांडला की झाले. मी या घरात आल्यापासून तो नेम मोडलेला मी पाहिला नव्हता. गेल्या वर्षी श्रावणात तो मोडला.

आमच्याकडच्या फूटपाथवर मधेच लाइटचा मोठा लोखंडी डबा उभा आहे. त्याला वळसा घालायचा म्हणून सासूबाई रस्त्यावर उतरल्या आणि मागून आलेल्या मोटारसायकलचा आरसा त्यांच्या कोपराला लागला. पडल्या. मनगटाचे हाड मोडले, सहा आठवडे प्लास्टर. हाड जुळून आले, पण धीर काही जुळून आला नाही. आता त्या गॅलरीत उभ्या राहून देवळाच्या दिशेला हात जोडतात. म्हणतात, “तो इथनंही पावतोच की!” पण परडी अजून खुंटीला टांगलेली आहे, आणि ती बघितली की माझ्या पोटात तुटते.

याच घरातली दुसरी गोष्ट. आमची धाकटी आठवीत आहे. शाळा अडीच किलोमीटरवर. पाचवीपासून ती सायकलवर जात होती. सासूबाई पडल्या त्या आठवड्यात मीच तिच्या सायकलला कुलूप घातले आणि रिक्षा लावून दिली. सायकल जिन्याखाली उभी. सीटवर धूळ, आणि हँडलला मी कांद्याबटाट्याच्या पिशव्या अडकवू लागले. एक दिवस पोरगी मला म्हणाली, “आई, आजीला गाडीनं पाडलं. मग शिक्षा आजीला आणि मला का?”

मैत्रिणींनो, या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजचा हा लेख त्या उत्तराच्या शोधाचाच आहे. एरवी आपण इथे डाळीच्या डब्यातल्या किड्यांपासून ते सुनेच्या बाळंतपणापर्यंत सगळे बोलतो. आज जरा उंबऱ्याबाहेर जाऊ या. घर उंबऱ्याशी संपत नाही. दूध, भाजी, शाळा, दवाखाना, माहेरची एस.टी. या सगळ्याला जाणारी वाट हाही घराचाच भाग आहे.

फडताळातली जाहिरात

सुरुवातीला मी केले ते आपण सगळ्याच करतो. कुरकुर. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, “काय बाई हे रस्ते!” आमचे हे म्हणायचे, “रस्ता रुंद झाला की सगळं ठीक होईल.” त्यांचे तेवढ्यावर समाधान होते.

मग एका रविवारी फडताळ आवरायला काढले. खाली अंथरायला जुने वर्तमानपत्र घेतले तर त्यात आमच्या नगरपरिषदेची जाहिरात. मुंगीच्या पावलांएवढी अक्षरे. ‘शहराचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध करण्यात येत असून नागरिकांनी हरकती व सूचना लेखी सादर कराव्यात.’ तारीख बघितली तर मुदतीचे बाराच दिवस उरलेले! मी तो कागद फडताळात न घालता चष्म्याच्या घरात घडी करून ठेवला.

दुपारी वरच्या मजल्यावरच्या वहिनींना म्हटले, “अहो, आपल्या गावाचा डीपी आलाय.” त्या म्हणाल्या, “कुठला? त्या लाइटच्या डब्याला डीपी म्हणतात तो?” त्यांची मुलगी म्हणाली, “आई, डीपी म्हणजे मोबाइलवरचा फोटो!” आम्ही पोट धरून हसलो. पण खरे सांगायचे तर मलाही तिसऱ्या डीपीचा अर्थ त्या दिवसापर्यंत धड ठाऊक नव्हता. तो समजून घेतला तो असा.

महाराष्ट्रात १९६६ सालचा प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा आहे. त्याप्रमाणे प्रत्येक नगरपरिषदेला आणि महानगरपालिकेला गावाचा विकास आराखडा करावा लागतो. कुठे शाळा, कुठे बाग, कुठे दवाखाना, कुठला रस्ता किती रुंद, हे पुढच्या साधारण वीस वर्षांसाठी नकाशावर ठरते. आराखडा पक्का होण्याआधी तो प्रारूप म्हणून लोकांसमोर ठेवावा लागतो, आणि लोकांकडून लेखी हरकती-सूचना मागवाव्या लागतात. त्यानंतर नियोजन समिती बसते. तिच्यात निवडून आलेले सभासद असतात, तसे सरकारने नेमलेले जाणकारही असतात. ही समिती हरकत घेणाऱ्याचे म्हणणे ऐकते. मग आराखडा सरकारच्या मंजुरीला जातो. म्हणजे मुंजीचे निमंत्रण येते तसे हे कायद्याने आलेले निमंत्रण आहे. फक्त ते घरी न येता वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात येते.

“तुमची जागा जातेय का?”

दुसऱ्या दिवशी वहिनी आणि मी नगरपरिषदेत गेलो. भिंतीवर नकाशा लावलेला. निळ्या, पिवळ्या, हिरव्या रंगांत सगळे गाव. आपले घर शोधायला आम्हांला पंधरा मिनिटे लागली. मारुतीचे देऊळ सापडले तेव्हा कुठे दिशा कळली!

टेबलापलीकडच्या गृहस्थांनी विचारले, “ताई, तुमची जागा जातेय का रस्त्यात?”

“नाही.”

“मग हरकत कशाला?”

बोलण्यात वाकडेपणा नव्हता. हरकत म्हणजे ज्याची जमीन जाते त्याने घ्यायची, असे त्यांनी वर्षानुवर्षे पाहिले होते. आणि जमीन कुणाच्या नावावर असते? बहुतेक घरांत पुरुषांच्या. म्हणजे आराखड्याशी बोलायचे काम आपोआप पुरुषांचे होऊन बसले. पण कायद्यात कुठेही जमीनमालकाची अट नाही. कोणतीही व्यक्ती हरकत किंवा सूचना देऊ शकते. भाड्याने राहणारी देऊ शकते, धुणेभांडी करणाऱ्या मावशी देऊ शकतात, सासूबाईही देऊ शकतात. मी म्हटले, “जागा जात नाही हो, पण माणूस जायची वेळ आली होती.” त्यावर त्यांनी खुर्ची पुढे केली आणि नीट समजावून सांगितले. अशी माणसेही कचेरीत असतात, हे लक्षात ठेवा.

त्यांच्याकडून एक फार मोलाची गोष्ट कळली. आराखड्यात रस्त्याची एकूण रुंदी ठरते. आमचा रस्ता आज बारा मीटर आहे, तो अठरा मीटर दाखवला होता. पण त्या अठरा मीटरांत गाड्यांना किती, चालणाऱ्याला किती, सायकलला किती, झाडांना किती, ही वाटणी आराखड्याच्या नकाशात नसते. ती पुढे बांधकाम विभागाच्या नकाशात होते. रस्ता सुरीने आडवा कापला तर कसा दिसेल, तसे ते चित्र असते. त्याला आडवा छेद म्हणतात. म्हणून नुसते ‘रस्ता रुंद करा’ म्हणून भागत नाही. पोळी मोठी लाटली म्हणून सगळ्यांच्या पानात पडते असे थोडेच आहे! वाढणारा कोण, हे बघावे लागते.

शिवणाची टेप आणि भिंतीवरचे घड्याळ

मग आम्ही पाच जणी जमलो. वहिनी, शाळेतल्या एक बाई, पलीकडच्या इमारतीतली नर्स, आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी आणि मी. शिवणाची टेप घेतली आणि सकाळी सातला रस्त्यावर निघालो. लोक बघत होते. सुरुवातीला ओशाळल्यासारखे झाले. मग वाटले, पडद्याचे माप घेताना नाही लाजत, फूटपाथचे घेताना का लाजावे?

इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेने पायी चालणाऱ्यांच्या सोयींसाठी मापे घालून दिलेली आहेत. फूटपाथची मोकळी रुंदी कमीत कमी १.८ मीटर हवी. म्हणजे आपले बरोबर चार हात. चाकाच्या दोन खुर्च्या एकमेकींना ओलांडून जाऊ शकतील एवढी जागा. बाजारपेठेत त्याहून जास्त हवी. आणि फूटपाथची उंची १५० मिलिमीटरच्या वर नको, म्हणजे सहा इंच, एक वीतसुद्धा नाही. आमच्याकडे काय निघाले? रुंदी कागदावर चार फूट, आणि डबा, खांब, दुकानाची पायरी वजा जाता उरली दीड-दोन फूट. उंची काही ठिकाणी अकरा इंच. संधिवाताच्या गुडघ्याने अकरा इंच चढायचे म्हणजे लहानसा गडच की! साहजिकच बाया-माणसे रस्त्यावरून चालतात, आणि मग म्हणतात, ‘फूटपाथ असून लोक वापरत नाहीत.’

मग सोसायटीच्या अंगणात खडूने बारा मीटर आखले आणि सासूबाईंना म्हटले, “आई, जरा चालून दाखवता?” त्या आपल्या नेहमीच्या चालीने चालल्या. घड्याळात वीस सेकंद झाले. धडधाकट माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो असे धरतात, म्हणजे त्याला दहा सेकंद पुरतात. सासूबाईंना दुप्पट. आता हाच रस्ता अठरा मीटर झाला तर त्यांना तीस सेकंद लागणार! हे आमच्या ह्यांना दाखवले. ‘रस्ता रुंद झाला की सगळं ठीक होईल’ म्हणणारे गप्प झाले. रुंद रस्ता गाडीला सोपा आणि ओलांडणाऱ्याला अवघड, शिवाय त्यावर गाड्याही जोरात पळतात. पण मधे दुभाजकापाशी थांबायला सुरक्षित जागा दिली तर तोच रस्ता दोन टप्प्यांत ओलांडता येतो. एका वेळी एकाच बाजूकडे बघायचे. म्हाताऱ्या माणसाला याचा केवढा आधार!

त्या दिवशी सगळ्यांत शहाणी गोष्ट बोलल्या त्या मावशी. दिवसभर पाच घरांची कामे करताना आमच्यात सगळ्यांत जास्त चालणे त्यांचेच. त्या म्हणाल्या, “ताई, तुम्ही फूटपाथ द्या न् सायकलचा रस्ता द्या, पण त्या झाडाखाली दिवा नसंल तर रात्री आठला मी मधनंच चालणार. गाडी परवडली, अंधार नको.” आमच्या चौघींच्याही ध्यानात हे आले नव्हते. अर्जात पहिला मुद्दा दिव्याचा घातला.

आपले चालणे कुठे मोजले जाते?

तुम्ही म्हणाल, एवढी माणसे नकाशे करायला बसलेली असतात, त्यांना हे दिसत नाही का? एक उदाहरण देते. २०११ सालच्या जनगणनेत लोक कामाला कसे जातात हे विचारले होते. पायी, सायकलवर, बसने, गाडीने. पण शेतीबाहेर आणि घरच्या उद्योगाबाहेर काम करणाऱ्यांचेच कामावर जाणे त्यात मोजले. मुलाला शाळेत सोडून, येताना भाजी घेऊन, वाटेत गिरणीत डबा ठेवून, दुपारी सासऱ्यांना दवाखान्यात नेणारी बाई त्या तक्त्यात नाहीच. आपले दिवसाचे चार हेलपाटे हे ‘जाणे-येणे’ म्हणून मोजलेच जात नाहीत. जे मोजले जात नाही, त्याची तरतूद होत नाही. म्हणून आपण सांगितले पाहिजे.

प्रश्न काही किरकोळ नाही. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे गेली. त्यांत पायी चालणारे ३२,८२५. म्हणजे पाचांतला जवळजवळ एक जण फक्त चालत होता. आणि चालण्याचा हक्क ही काही आपल्या मनची गोष्ट नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की अडथळा नसलेला, अपंगांनाही वापरता येईल असा फूटपाथ मिळणे हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे.

पुण्याचे उदाहरण घ्या. सायकलींचे शहर म्हणून एके काळी पुण्याची ओळख. कॉलेजच्या मुली, शिक्षिका, नर्सबाई सगळ्या सायकलवर. मग गाड्या वाढल्या आणि सायकली कडेला गेल्या. पण त्याच पुण्यात २०१३ साली जुन्या हद्दीचा प्रारूप आराखडा आला तेव्हा ऐंशी हजारांहून जास्त हरकती-सूचना गेल्या. २००६ साली तिथल्या महापालिकेने अंदाजपत्रकात नागरिकांनी छोटी कामे सुचवायची पद्धत सुरू केली. फूटपाथची दुरुस्ती, दिवे, बसथांब्याची शेड अशी कामे लोक त्यात सुचवतात. २०१६ मध्ये पादचारी धोरण झाले, २०१७ मध्ये सायकल आराखडा. ११ डिसेंबर २०२१ ला लक्ष्मी रस्त्याचा एक भाग दिवसभर गाड्यांना बंद ठेवून पादचारी दिन साजरा झाला. आता पुण्यात सगळे आलबेल आहे असे मुळीच नाही. कागदावरचा सायकलमार्ग आणि जमिनीवरचा सायकलमार्ग यांत अजून पुष्कळ अंतर आहे. पण कागदावर असेल तरच जमिनीवर मागता येते.

दुसरी गोष्ट दूरची, पण मला फार धीर देऊन गेलेली. हॉलंडात आज घरोघर सायकली, हे आपण टीव्हीवर पाहतो. वाटते, त्यांचे रस्तेच पहिल्यापासून तसे असतील. नाही हो! १९७१ साली त्या एवढ्याशा देशात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे गेली, त्यांत चारशेहून अधिक मुले. एका पत्रकाराची लेक अशीच गेली. त्याने लेख लिहिला, आणि त्यातून ‘मुलांची हत्या थांबवा’ या नावाची चळवळ उभी राहिली. त्यात आया पुढे होत्या, मुलेही होती. रस्त्यावर जेवणाची टेबले मांडली, गल्ल्या बंद करून मुलांना खेळायला दिल्या, आणि त्याच वेळी सरकारकडे नकाशे आणि मागण्याही दिल्या. आजचे तिथले सायकलमार्ग त्यातून आले. तेव्हा कुणाच्या नशिबात चांगला रस्ता लिहिलेला नसतो. तो मागून घ्यावा लागतो.

आपल्याच घरातली गाडी

आता थोडे कडू बोलते. अर्ज लिहायला बसलो तेव्हा शाळेतल्या बाईंनी विचारले, “फूटपाथवर गाड्या कुणाच्या असतात?” मी मान खाली घातली. आमच्याच ह्यांची स्कूटर रोज तिथे उभी असते! वहिनींच्या यजमानांचे दुकान त्याच रस्त्यावर, आणि दुकानाची पायरी दोन फूट पुढे आलेली. वहिनी चार दिवस गप्प होत्या. घरात काय झाले ते त्यांनी सांगितले नाही, मीही विचारले नाही. पाचव्या दिवशी आल्या आणि म्हणाल्या, “सही करते. पायरी आत घ्यायला हे तयार नाहीत, पण पुढे ठेवलेले माल-खोके आत घेतो म्हणालेत.” माझ्या दृष्टीने त्या सहीचे मोल इतर सगळ्या सह्यांपेक्षा जास्त आहे.

भाजीवाल्या आजींचाही प्रश्न निघाला. एक जण म्हणाली, “त्यांना उठवा म्हणावं.” पण त्यांच्याकडून वाकून भाजी घेणाऱ्या आपणच ना? २०१४ सालच्या पथविक्रेत्यांच्या कायद्याप्रमाणे त्यांच्यासाठी जागा ठरवून द्यायची असते. तेव्हा आम्ही लिहिले, ‘चालण्याची पट्टी वेगळी ठेवून त्यापलीकडे झाडाच्या सावलीत विक्रेत्यांना जागा आखून द्यावी.’ आपली वाट मोकळी व्हावी म्हणून दुसरीची चूल विझू नये.

अर्ज कसा लिहावा?

हे कापून ठेवण्याजोगे आहे. आमच्या चुकांतून शिकलेले सांगते.

१. एका अर्जात एकच रस्ता घ्या. ‘गावातले सगळे रस्ते सुधारा’ असे लिहिले तर तो अर्ज कुणाच्याच टेबलावर पोचत नाही.

२. जागा नेमकी लिहा. अमक्या चौकापासून तमक्या शाळेपर्यंत. आराखड्याच्या नकाशात रस्त्याला जे नाव किंवा क्रमांक असेल तोही घाला. हाताने काढलेला साधा नकाशा जोडा.

३. माप लिहा. ‘फूटपाथ अरुंद आहे’ याऐवजी ‘मोकळी जागा दोन फूट आहे, नियमाप्रमाणे १.८ मीटर हवी’ असे लिहा. सकाळी शाळेच्या वेळी आणि संध्याकाळी एकेक तास उभ्या राहून माणसे मोजा. दूधवाल्याच्या हिशेबासारख्या रेघा मारा. आमच्याकडे चालणारे आणि सायकलवाले मिळून मोटारींच्या कितीतरी पट निघाले. आम्हांलाच खरे वाटेना!

४. रडगाण्यासोबत उपाय लिहा. झेब्रा पट्टे कुठे हवेत, दुभाजकात थांबायची जागा कुठे, उतार कुठे, दिवा कुठल्या खांबावर, लाइटचा डबा कुठे हलवता येईल. शाळा आणि दवाखान्यापाशी फूटपाथच्या उंचीचाच उंचावलेला क्रॉसिंग मागा. त्यावरून गाडीला सावकाशच जावे लागते. गाडीचा वेग ताशी ३० किलोमीटरच्या आत असेल तर धडक बसलेला माणूस बहुतेक वाचतो. पन्नासवर गेला की धोका कितीतरी वाढतो.

५. सायकलसाठी नुसता रंगाचा पट्टा मागू नका. आठवड्यात त्यावर मोटारी उभ्या राहतात. गाड्यांपासून वेगळी, सलग आणि सपाट वाट मागा. चौकापाशी ती तुटता कामा नये, कारण खरा धोका चौकातच असतो. गटाराच्या जाळीच्या फटी चाकाला आडव्या असाव्यात. समांतर असल्या तर चाक अडकून पोर थेट तोंडावर पडते.

६. अर्ज मराठीत, साध्या भाषेत. खाली नाव, पत्ता, सही. शेवटी ‘मला समक्ष म्हणणे मांडण्याची संधी मिळावी’ हे वाक्य विसरू नका. दोन प्रती न्या. एकीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे मीठ नसलेले लोणचे, टिकत नाही.

७. मुदतीची तारीख जाहिरातीत दिलेली असते. ती स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर गॅसच्या नंबराशेजारी लिहा. मुदत उलटली तरी हातपाय गाळू नका. आराखड्यात पुढे फेरबदल करायचे झाले तरी पुन्हा लोकांच्या सूचना मागवाव्या लागतात. आणि दिवे, पट्टे, उतार यांसारख्या कामांना आराखड्याची वाट बघावी लागत नाही. ती नगरपरिषदेच्या वर्षाच्या अंदाजपत्रकातून होतात. त्यासाठी वेगळा अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे द्या.

सुनावणीचा दिवस

चार महिन्यांनी पत्र आले. सुनावणी मंगळवारी सकाळी अकराला. नेमकी स्वयंपाकाची वेळ! आदल्या रात्री पोळ्या करून ठेवल्या, आणि आमचे हे म्हणाले, “भात मी लावतो, तू जा.” एवढ्या वर्षांत प्रथमच!

दालनात बहुतेक पुरुष. ज्यांच्या जमिनी जात होत्या ते. आमचा नंबर दीडला लागला आणि तीन-चार मिनिटे मिळाली. माझे पाय लटपटत होते. मी कागद वाचला. मग समितीतल्या एकांनी विचारले, “रस्ता अठरा मीटरचा नको असं तुमचं म्हणणं आहे का?” मी म्हटले, “असू दे अठराचा. पण त्यातले दोन्ही बाजूंचे चार-चार हात चालणाऱ्याला द्या, सायकलला वेगळी वाट द्या आणि मधे थांबायला जागा द्या, हे आताच लिहून ठेवा. नाहीतर माझ्या सासूबाईंना तीस सेकंद लागतील, आणि तीस सेकंद कुठलाही ट्रक थांबत नाही.” कुणी हसले नाही. एकांनी ते टिपून घेतले. मागून मावशी उठल्या आणि म्हणाल्या, “न् दिवा साहेब.” तेव्हा मात्र सगळे हसले. पण दिवाही टिपून घेतला.

आता तुम्ही विचाराल, पुढे काय झाले? खरे तेच सांगते. आराखडा अजून सरकारकडे आहे. सायकलच्या वाटेचे उत्तर ‘विचाराधीन’ एवढेच आले आहे. पण अंदाजपत्रकासाठी दिलेल्या वेगळ्या अर्जाने काम केले. झाडाखाली दिवा लागला. देवळासमोर झेब्रा पट्टे आले, आणि दुभाजक तोडून मधे उभे राहण्यापुरती जागा झाली. फूटपाथची उंची एका तुकड्यात कमी झाली. लाइटचा डबा मात्र अजून तिथेच आहे. त्याचे खाते वेगळे, म्हणून वेगळा अर्ज. तो आम्ही गेल्या सोमवारी दिला, पोच घेतली. ह्यांची स्कूटर आता आवारात आत लागते. त्याला अर्ज लागला नाही, दोन दिवसांचा अबोला पुरला.

आणि सासूबाई? मागच्या शनिवारी त्यांनी खुंटीवरची परडी काढली. म्हणाल्या, “चल गं, तू हात धर.” पट्ट्यांवरून अर्ध्यापर्यंत गेलो, मधे थांबलो, श्वास घेतला, मग उरलेला रस्ता ओलांडला. देवळाच्या पायरीवर बसून त्या म्हणाल्या, “मारुतीला सांगते, तो डबा तेवढा हलव.”

धाकटीची सायकल जिन्याखालून बाहेर काढली आहे. हवा भरली, पिशव्या काढल्या. मोठ्या रस्त्यावर मी तिला अजून सोडत नाही. आतल्या गल्लीने, क्लासपर्यंत. ती रोज विचारते, “शाळेपर्यंत कधी?” मी म्हणते, “विचाराधीन आहे.” ती रागावते. तिचे बरोबरच आहे. आईचे उत्तर नगरपरिषदेसारखे असू नये. म्हणून मीही पाठपुरावा सोडलेला नाही.

तुमच्या गल्लीतल्या फूटपाथची मोकळी जागा किती हात भरते? या आठवड्यात टेप घेऊन एकदा बघा, आणि मला कळवा. आलेल्या पत्रांतून निवडक मापे आणि तुमचे अनुभव पुढे याच पानावर देऊ.

पुढच्या आठवड्यात आपल्या नेहमीच्या विषयाकडे वळू: वर्षाचे तिखट-मसाले कोरडे कसे राखावेत.